भागाकार बरोबर, तरी उत्तर चूक: अंशाधिक अपूर्णांक पूर्णांकयुक्त करताना

बेळगावात माझ्याकडे संध्याकाळी पाचवी ते सातवीची मुलं गणिताला बसतात. वडगावातली, शहापुरातली, दोघं-तिघं जुने बेळगावहून येणारी. कुणी मराठी माध्यमात, कुणी कन्नड, कुणी इंग्रजी. मागच्या आठवड्यात सगळ्यांना एकच गणित दिलं: २३/४ पूर्णांकयुक्त रूपात लिहा. वह्या गोळा केल्या तर पाच तऱ्हेची उत्तरं निघाली.

५ पूर्णांक ३/४
३ पूर्णांक ५/४
५ पूर्णांक ४/३
५ पूर्णांक ३/५
५ पूर्णांक ३/२३

यातलं फक्त पहिलं बरोबर. पण भागाकार कुणाचाच चुकला नव्हता. प्रत्येकाच्या वहीत २३ भागिले ४, भागाकार ५, बाकी ३ असंच होतं. म्हणजे गणित येतं, उत्तर मांडता येत नाही. घरी पालक मात्र "पाढे पाठ कर, भागाकार नीट कर" एवढंच सांगत राहतात, आणि मूल येणारीच गोष्ट पुन्हा पुन्हा करत बसतं. चूक भागाकाराच्या आधी होते नाहीतर नंतर. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये भागाकारापेक्षा त्याच्या मागच्या-पुढच्या गोष्टींवर मी जास्त लिहिलं आहे.

## सुरू करण्याआधी

शब्द एकदा जुळवून घ्या. वरची संख्या अंश, खालची छेद. अंश छेदापेक्षा लहान असेल तर छेदाधिक अपूर्णांक, अंश मोठा असेल तर अंशाधिक. पूर्ण संख्या आणि छेदाधिक अपूर्णांक मिळून होतो तो पूर्णांकयुक्त अपूर्णांक. इंग्रजी माध्यमातली मुलं त्यांना इम्प्रॉपर आणि मिक्स्ड म्हणतात.

आपल्या भागात खरा घोळ होतो तो कन्नड नावांमुळे. अंश आणि छेद हे शब्द कन्नडमध्येही तेच आहेत, त्यामुळे मूल निर्धास्त असतं. पण छेदाधिक अपूर्णांकाला कन्नडमध्ये 'सम भिन्नराशी' म्हणतात आणि अंशाधिकाला 'विषम भिन्नराशी'. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यात सम म्हणजे २, ४, ६ आणि विषम म्हणजे १, ३, ५. माझ्याकडच्या एका मुलीने ८/३ ला सम आणि ३/७ ला विषम लिहिलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, "बाई, आठ सम आहे की!" तिचं मराठी बरोबर होतं, फक्त शब्द दुसऱ्या भाषेतला होता. कन्नड माध्यमातलं मूल असेल तर पहिल्याच दिवशी हे सांगा: इथे सम-विषमचा दोनने भाग जाण्याशी काही संबंध नाही. मिश्र भिन्नराशी म्हणजे आपला पूर्णांकयुक्त अपूर्णांक. तिकडे भागाकाराला 'भागलब्ध' आणि बाकीला 'शेष' म्हणतात, ते लगेच कळतं.

अंक एकाच पद्धतीने लिहा. घरी देवनागरी आणि शाळेत इंग्रजी अंक लिहिणारी मुलं एकाच गणितात दोन्ही मिसळतात. देवनागरी चार घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो आणि पुढची ओळ आठ धरून सुटते. कोणतेही अंक चालतील, पण एका गणितात एकच पद्धत.

पानावर जागा ठेवा. पानाच्या उजवीकडे उभी रेघ मारा. रेघेच्या उजवीकडे कच्चं काम, डावीकडे उत्तर. भागाकार समासात कोंबला की बाकी कुठली आणि भागाकार कुठला हेच नंतर कळत नाही.

पूर्ण संख्या ठळक आणि वेगळी. ३ पूर्णांक २/५ लिहिताना ३ हा आकडा अपूर्णांकाच्या आडव्या रेघेच्या उंचीवर, जरा मोठा काढायचा. तो अंशाशेजारी वर सरकला की ३२/५ होतं. मोबाइलवर टाइप करताना मधली मोकळी जागा सहज गळते, म्हणून या लेखात मी सगळीकडे 'पूर्णांक' हा शब्द लिहिला आहे.

## पायरी १: रूपांतर करायचं आहे का, ते बघा

अंश आणि छेद यांची तुलना करा. अंश मोठा असेल तर संख्या एकापेक्षा मोठी, रूपांतर होणार. दोन्ही सारखे असतील, जसं ९/९, तर उत्तर १. अंश लहान असेल तर करण्यासारखं काहीच नाही, तो आहे तसाच ठेवायचा.

हे सांगायची गरज का पडते? वीस गणितांच्या यादीत एखादं ४/२३ घुसवलेलं असतं. सवयीने हात चालतो आणि मूल २३ ला ४ ने भागून मोकळं होतं. नवोदयच्या निवड परीक्षेत ८० प्रश्नांना दोन तास असतात, त्यातले २० गणिताचे. तिथे पर्यायांतून निवड करायची असते, त्यामुळे उलट्या भागाकाराचं उत्तरही पर्यायांत असू शकतं. तुलना करायला तीन सेकंद लागतात, तेवढी द्या.

## पायरी २: संक्षेप आधी की नंतर?

संक्षेप म्हणजे अंश आणि छेद दोन्हींना एकाच संख्येने भागून आकडे लहान करणं. तो आधी किंवा नंतर, दोन्ही चालतं. ८४/३६ घ्या. आधी १२ ने संक्षेप दिला तर ७/३, मग २ पूर्णांक १/३. आधी भागाकार केला तर भागाकार २, बाकी १२, म्हणजे २ पूर्णांक १२/३६, आणि १२/३६ चा संक्षेप १/३. उत्तर तेच. मी मुलांना आधी संक्षेप करायला सांगते, कारण लहान आकड्यांचा भागाकार सोपा जातो आणि बाकीही लहान येते. याला एक अपवाद आहे, तो गुंठ्यांच्या भागात येईल.

> सावधान: नंतर संक्षेप करत असाल तर पूर्ण संख्येला हात लावायचा नाही. २ पूर्णांक १२/३६ मध्ये सगळ्यालाच २ ने भागून १ पूर्णांक ६/१८ करणारी मुलं दरवर्षी भेटतात. संक्षेप फक्त अंश आणि छेदाचा.

## पायरी ३: अंश आत, छेद बाहेर

अंशाला छेदाने भागायचं. अंश भाज्य, छेद भाजक. १७/५ असेल तर १७ आत, ५ बाहेर. पाच त्रिक पंधरा, बाकी २.

छोट्या आकड्यांत इथे फारशी चूक होत नाही. चूक होते ती भागाकारात शून्य येतं तेव्हा. १२३७/१२ बघा. १२ ने १२ ला एक वेळ भाग गेला. पुढचा ३ खाली घेतला, ३ ला १२ ने भाग जात नाही, इथे भागाकारात शून्य लिहायचं. मग ७ खाली घेऊन ३७, तीन वेळा, बाकी १. उत्तर १०३ पूर्णांक १/१२. शून्य विसरलं की १३ पूर्णांक १/१२ होतं. तेव्हा प्रत्येक आकडा खाली घेतला की भागाकारात एक आकडा लिहायचाच, मग तो शून्य का असेना.

भागाकार झाला की थांबा. उत्तर लिहायच्या आधी बाकीकडे बघा: बाकी भाजकापेक्षा लहान आहे ना? नसेल तर अजून एकदा भाग जातो.

## पायरी ४: तीन संख्या, तीन जागा

भागाकार जातो पूर्ण संख्येच्या जागी. बाकी जाते अंशाच्या जागी. छेद होता तोच राहतो.

एवढं सगळी पुस्तकं सांगतात, मुलं पाठही करतात, आणि परीक्षेत उलटं लिहितात. कारण तीन आकडे हातात असले की नेमका कुठला कुठे, हे फक्त पाठांतरावर टिकत नाही. छेद का बदलत नाही हे एकदा हाताने कळलं पाहिजे.

मी ते भाकरीवर दाखवते. माझ्या स्वयंपाकघरातली टोपली, ज्वारीच्या तीन भाकऱ्या, प्रत्येकीचे चार चतकोर. बारातला एक चतकोर मी बाजूला काढते आणि अकरा ताटात ठेवते. मग मुलाला सांगायचं, चतकोर जोडून पूर्ण भाकऱ्या कर. मागच्या वेळी सहावीतला एक मुलगा बसला होता. त्याने दोन भाकऱ्या जोडल्या, तीन चतकोर उरले.

"किती उरले?"

"तीन."

"तीन काय?"

गप्प. मग ताटाकडे बघून हळूच, "तीन चतकोर."

तिथे त्याचं काम झालं. उरलेले तुकडे चतकोरच आहेत, ते जोडताना बारीक किंवा मोठे झाले नाहीत. छेद म्हणजे तुकड्याचं नाव, चौथा हिस्सा. ११/४ मध्ये अकरा तुकडे, प्रत्येक एक-चतुर्थांशाचा. दोन भाकऱ्या झाल्या आणि तीन तुकडे राहिले, तुकड्याचं नाव तेच. म्हणून २ पूर्णांक ३/४. त्यानंतर त्या मुलाने खाली ३ किंवा २ लिहिल्याचं मी पाहिलं नाही. त्या भाकऱ्या मग आम्ही झुणक्याबरोबर खाल्ल्या.

घरी भाकरी नसेल तर कागदाचे गोल कापा. मात्र चित्र काढून भागवू नका. तुकडा उचलून जोडताना जे कळतं ते वहीतल्या वर्तुळावर तितकं कळत नाही, निदान माझ्या मुलांना तरी.

आता सुरुवातीच्या चुकीच्या उत्तरांकडे परत या. ३ पूर्णांक ५/४ मध्ये भागाकार आणि बाकीची अदलाबदल झाली आहे. ५/४ स्वतःच एकापेक्षा मोठा आहे, म्हणजे रूपांतर अर्धवट दिसतं. ५ पूर्णांक ४/३ मध्ये बाकी खाली गेली. ५ पूर्णांक ३/५ मध्ये तुकड्याचं नावच बदललं, चौथ्या हिश्श्याचा पाचवा हिस्सा झाला. ५ पूर्णांक ३/२३ मध्ये मूळ अंश खाली उतरला. मुलाच्या वहीत चूक सापडली की फक्त लाल फुली मारू नका, या चारांपैकी कोणती ते त्याला सांगा. एकाच मुलाची बहुतेक वेळा एकच चूक असते.

> तपासा: उत्तरातला खालचा आकडा आणि गणितातला (किंवा संक्षेप केलेला) खालचा आकडा एकच आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी ५: उलटं करून बघा

पूर्ण संख्या गुणिले छेद, अधिक अंश. जुना अंश परत आला पाहिजे.

५ पूर्णांक ३/४: पाच चोक वीस, वीस आणि तीन तेवीस. बरोबर.
१३ पूर्णांक १/१२: तेरा गुणिले बारा १५६, अधिक एक १५७. पण हवे होते १२३७. शून्य गळलं.

दुसरा पडताळा अंदाजाचा. २३/४ पाच आणि सहाच्या मधेच असणार, कारण २०/४ म्हणजे ५ आणि २४/४ म्हणजे ६. उत्तर ३ ने सुरू झालं तर काहीतरी बिघडलंय हे गुणाकार न करताही दिसतं. मी हा अंदाज भागाकाराच्या आधी कोपऱ्यात लिहून घ्यायला लावते.

## पायरी ६: मोठ्याने वाचा

३ पूर्णांक २/५ हे 'तीन पूर्णांक दोन छेद पाच' किंवा 'तीन पूर्णांक दोन पंचमांश'. छेद २ किंवा ४ असेल तर मराठीत तयार शब्द आहेत: सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, पावणेचार. घरात हे शब्द दिवसभर कानावर पडतात, त्यामुळे उत्तराला अर्थ येतो. ११/४ किलो कुंदा म्हटलं तर मुलाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही, पावणेतीन किलो म्हटलं की डबे दिसतात.

पण 'पावणे' इथे फसवतं. पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी, २ पूर्णांक ३/४. शब्दात तीन ऐकू येतं म्हणून मुलं ३ पूर्णांक ३/४ किंवा ३ पूर्णांक १/४ लिहितात. कन्नडमध्ये हीच संख्या 'एरडू मुक्कालू', म्हणजे दोन आणि पाऊण. तिथे पूर्ण संख्या आधी आणि सरळ येते. दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलाला मी सांगते: कन्नडमध्ये म्हणून बघ आणि तसंच लिही. मुक्कालूच्या आधी ऐकलेला आकडाच पूर्ण संख्या. 'एरडूवरे' अडीच, 'एरडू कालू' सव्वादोन. आपल्याकडच्या मुलांना ही सोय आहे, ती वापरावी.

## अडणारी गणितं

बाकी शून्य. २४/६ चं उत्तर ४. ४ पूर्णांक ०/६ लिहू नका. चूक नाही म्हणता येईल, पण उत्तर पूर्ण संख्या आहे हे मुलाला कळलेलं नाही असं त्यातून दिसतं.

ऋण संख्या. -१७/५ म्हणजे -३ पूर्णांक २/५. वजाचं चिन्ह पूर्ण उत्तराला लागू आहे: तीन मागे आणि त्याच्याही मागे दोन पंचमांश. संख्यारेषेवर -३ आणि -४ च्या मधे. आधी चिन्ह बाजूला ठेवून रूपांतर करा, मग पुढे लावा.

कॅल्क्युलेटर. १७ भागिले ५ केलं की ३.४ दिसतं आणि मूल ३ पूर्णांक ४/५ लिहितं. टिंबानंतरचा ४ हा दशांश आहे, बाकी नाही. कॅल्क्युलेटरवरून बाकी हवी असेल तर टिंबाआधीचा आकडा घ्या, छेदाने गुणा, अंशातून वजा करा: ३ गुणिले ५ पंधरा, सतरातून पंधरा गेले, बाकी २.

मधेच रूपांतर. गुणाकार-भागाकार चालू असताना अंशाधिकच ठेवा. २ पूर्णांक १/३ गुणिले ३ पूर्णांक १/२ मध्ये पूर्ण संख्यांचा आणि अपूर्णांकांचा वेगवेगळा गुणाकार करून ६ पूर्णांक १/६ काढतात, ते चूक. ७/३ गुणिले ७/२, म्हणजे ४९/६, म्हणजे ८ पूर्णांक १/६. रूपांतर शेवटच्या ओळीत, एकदाच.

## गुंठे, एकर आणि तो अपवाद

खानापूर, हुक्केरी, निपाणीकडच्या शेतकरी घरांत हेच गणित जमिनीच्या कागदावर येतं. ४० गुंठ्यांचा एक एकर. तीन तुकडे आहेत, ३७, ४२ आणि २२ गुंठे. मिळून १०१. १०१/४०: भागाकार २, बाकी २१. म्हणजे २ एकर २१ गुंठे, किंवा २ पूर्णांक २१/४० एकर.

आता ९० गुंठे घ्या. आधी संक्षेपाच्या सवयीने ९०/४० चे ९/४ केले, भागाकार २, बाकी १. आणि मुलाने लिहिलं २ एकर १ गुंठा. नऊ गुंठे गेले! ती १ बाकी आता गुंठ्याची राहिली नाही, पाव एकराची झाली. पाव एकर म्हणजे १० गुंठे, खरं उत्तर २ एकर १० गुंठे. बाकीला स्वतःचं एकक असेल, गुंठे, मिनिटं, इंच, तर संक्षेप आधी करायचा नाही. १३५ मिनिटांचंही तसंच: ६० ने भागून २ तास १५ मिनिटं, आणि मग हवं तर १५/६० चा संक्षेप करून सव्वादोन तास.

> सावधान: २ एकर २१ गुंठे काही जण टिंब देऊन २.२१ लिहितात. ते २.२१ एकर नव्हे. २१/४० म्हणजे ०.५२५, म्हणून दशांशात २.५२५ एकर. वाटणीच्या वेळी कॅल्क्युलेटरवर २.२१ मारून भाग पाडू नका. आधी सगळ्याचे गुंठे करा (२ गुणिले ४०, अधिक २१, १०१), मग वाटा.

## सराव

प्रत्येकाचा अंदाज आधी कोपऱ्यात लिहा, मग सोडवा, मग उलट गुणाकार.

१. १९/६
२. ५६/८
३. ९०/२४
४. ८४३/८
५. ७/१२
६. -२९/९
७. १३० गुंठे, एकर-गुंठ्यांत

उत्तरं: १) ३ पूर्णांक १/६. २) ७. ३) ३ पूर्णांक ३/४, म्हणजे पावणेचार. ४) १०५ पूर्णांक ३/८, १५ पूर्णांक ३/८ आलं असेल तर पायरी ३ मधलं शून्य पुन्हा बघा. ५) आहे तसाच ठेवायचा. ६) -३ पूर्णांक २/९. ७) ३ एकर १० गुंठे, ३ एकर १ गुंठा आलं असेल तर संक्षेप आधी झाला आहे.